आबांच्या ताटातला रस्सा

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. कापसाची पहिली वेचणी उरकली, की आमच्या भागातले लोक दुखणी घेऊन दवाखान्याकडे वळतात. अशाच एका सकाळी अंतरवाली सराटीचे एक कुटुंब घरातल्या वृद्धांना घेऊन आले. पंच्याहत्तरी ओलांडलेले आबा उंबऱ्यात अडखळून पडले होते. हाड मोडलेले नव्हते, मनगटाला थोडी सूज होती. परंतु रक्तदाब मोजण्यासाठी दंडाला पट्टा गुंडाळू लागलो, तेव्हा तो नेहमीपेक्षा खूपच सैल बसला आणि माझे लक्ष मनगटावरून उडाले. सहा महिन्यांपूर्वीच्या नोंदीत त्यांचे वजन ५८ किलो होते. त्या दिवशी काटा ५२ वर थांबला. घोट्यांवर अंगठा दाबला तर खळगा पडत होता.

सूनबाई काळजीच्या सुरात म्हणाली, “आबा काही खायलेच नाहीत, साहेब. भाकरी अर्धी खातात अन् उठतात. रविवारी मटण केलं की तेवढे दोन वाट्या रस्सा पितात. तुकडे त्यांच्याच्यानं चावत नाहीत, मग ते मी पोरांना वाढते. पण ताकद तर रश्श्यातच असती ना?”

गेल्या पंचवीस-अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल, त्याची गणती नाही. बाळंतिणीच्या बाबतीत ऐकले, टायफॉइडमधून उठलेल्या मुलाच्या बाबतीत ऐकले आणि सर्वांत अधिक ते घरातल्या वृद्धांच्या बाबतीत ऐकले. सूनबाईने आबांची हेळसांड केली होती, असे कोणी म्हणू नये. घरातले सर्वांत उत्तम ते आपण त्यांना देत आहोत, अशीच तिची प्रामाणिक समजूत होती. चूक होती ती या समजुतीत.

मटण पाण्यात शिजते तेव्हा त्या पाण्यात काय उतरते, ते आधी पाहू. मीठ उतरते, कारण ते आपणच घातलेले असते. चरबी वितळून वर तरंगते. तिलाच आपण कौतुकाने तर्री म्हणतो. पोटॅशियम उतरते, प्युरीन नावाचे घटक उतरतात. याच प्युरीनपासून शरीरात युरिक अ‍ॅसिड तयार होते. मसाल्याचा आणि मांसाचा स्वाद उतरतो. थोडे जिलेटिनही उतरते, त्यामुळे गार झालेला रस्सा थलथलीत होतो. मात्र ज्या प्रथिनांसाठी आपण मटण खातो, त्यांतला बहुतेक भाग तुकड्यातच राहतो. शेळीच्या शंभर ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात आणि ती शिजल्यावर घट्ट होऊन जागच्या जागी बसतात. म्हणजे आबांच्या वाटीत मीठ, चरबी आणि चव जात होती, आणि प्रथिने नातवंडांच्या ताटात जात होती.

साठीनंतर ही गोष्ट किरकोळ राहत नाही. पन्नाशी ओलांडली की स्नायूंचे प्रमाण दरवर्षी साधारण एक ते दोन टक्क्यांनी घटू लागते, आणि आजारपणात माणूस अंथरुणाला खिळला तर हा वेग फार वाढतो. खुर्चीतून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागणे, पायरी चढताना कठडा शोधणे, उंबऱ्याला पाय अडणे ही त्याची पहिली लक्षणे होत. निरोगी वृद्धाला वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे आता पोषणतज्ज्ञ सांगतात. तरुणापेक्षा ही गरज थोडी अधिकच आहे. या हिशेबाने आबांना रोज पन्नास ते साठ ग्रॅम हवीत. त्यांच्या दिवसभराच्या जेवणाची मी विचारपूस केली: दोन वेळची मिळून एक ज्वारीची भाकरी, एक वाटी वरण आणि चहातले दूध. त्याची बेरीज वीस ग्रॅमच्या आसपास भरली. उरलेली उणीव शरीर स्वतःच्याच स्नायूंतून भरून काढत होते.

पायांच्या सुजेची कारणे अनेक असतात, त्यामुळे हृदय, लघवी आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या करून घेतल्या. त्यांत मोठे काही निघाले नाही. रक्तदाबाची गोळी मात्र नियमित घेऊनही दाब चढलेला होता, आणि दोन वाट्या खारट रस्सा हे त्याचे एक कारण होते, याबद्दल मला फारशी शंका वाटली नाही. दिवसभरात सर्व पदार्थ मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपल्याकडे मसाला न घालता नुसत्या हळद-मिठात शिजवलेल्या पाण्याला ‘अळणी’ म्हणतात आणि ते आजाऱ्याला निर्धास्तपणे पाजतात. नाव अळणी आणि आत मूठभर मीठ, असा तो प्रकार! नावावर विसंबू नका, स्वतः चाखून पाहा.

हे सारे मी समजावून सांगत होतो, तोवर आबा गप्प होते. मग एकाएकी म्हणाले, “साहेब, तुकडा मला चावत नाही असं नाही. तुकडा शिजलेलाच नसतो. पोरं कुकरला लावतात, तीन शिट्ट्या झाल्या की उतरवतात. वरून मऊ, आतून चामडं. आमच्या काळी कंदुरीला मीच बसायचो चुलीपाशी.”

कंदुरी हा शब्द मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना कदाचित नवा असेल. नवस फेडण्यासाठी दर्ग्याला बोकड करायचा आणि भावकीला, सोयऱ्यांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवू घालायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. ती हिंदूंच्या घरांतही आहे आणि मुसलमानांच्या घरांतही. स्वयंपाक बहुधा पुरुषमंडळी उघड्यावर करतात. आबा हे अशा जेवणाचे जाणते. त्यांनी सांगितले: सुरुवातीला पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या लावून जाळ करायचा, मांसाचे अंगचे पाणी सुटून आटू द्यायचे, मग बाभळीचे जाड लाकूड सारून जाळ मोडायचा आणि भांड्यावर परात ठेवून तीत पाणी ओतायचे. “पाणी उकळलं पाहिजे, पण नाचलं नाही पाहिजे,” असे ते म्हणाले. लागेल तसे परातीतलेच गरम पाणी आत सोडायचे, गार पाणी कधीही घालायचे नाही. तुकडा शिजला की नाही, हे ते पळीच्या पाठीने दाबून ओळखत. हाड आपण होऊन सुटले की शिजले.

यातला एकही शब्द शास्त्राला सोडून नाही. बोकडाच्या खांद्यात, मानेत आणि पायांत सतत हालचाल होत असते. तेथील स्नायूंना बांधून ठेवणारी कोलॅजन नावाची चिवट ऊती भरपूर असते. आच लागताच ही ऊती प्रथम आक्रसते, म्हणून अर्धवट शिजलेला तुकडा कच्च्याहूनही वातड लागतो. पुढे सत्तर अंशांच्या वर दीर्घकाळ, ओलाव्यात राहिली की तिचे हळूहळू जिलेटिन होते आणि धागे एकमेकांपासून सुटतात. हा बदल वेळखाऊ आहे. फडफडत्या उकळीने तो फारसा लवकर होत नाही, उलट धागे आवळून मांस कोरडे पडते. आमच्याकडचा उस्मानाबादी जातीचा काळा बोकड पूर्ण वाढलेला असेल, तर मंद आचेवर त्याला दीड ते दोन तास सहज लागतात. कोवळ्या करडाचे मांस लवकर शिजते. ते चवीला सौम्यही असते, पण कंदुरीची जाणती मंडळी त्याकडे फिरकत नाहीत.

थोडे विषयांतर करतो. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर, बोकडाचे मटण असेच तासन्‌तास मंद आचेवर शिजवतात आणि लग्नकार्यात, सणासमारंभात ते लागतेच. ही रीत तेथे हिंदुस्थानातून गेली. १० मे १८४५ रोजी ‘ब्लंडेल’ नावाचे जहाज करारबद्ध हिंदी मजुरांना घेऊन तेथे पोहोचले. पुढे १९१७ पर्यंत सुमारे छत्तीस हजार माणसे त्या बेटावर नेण्यात आली. त्यांत उत्तर हिंदुस्थानातील लोक बहुसंख्य होते. उसाच्या मळ्यांतल्या कष्टकऱ्याच्या वाट्याला येणारे जून, वातड मांस खाण्याजोगे करायचे, तर मंद आच हाच उपाय होता. हळद-धण्यांचा मसाला इथलाच राहिला. त्यात तिथली झणझणीत स्कॉच बॉनेट मिरची, ऑलस्पाइसची सुगंधी फळे आणि थाइमची पाने यांची भर पडली. आमच्या अंबड-घनसावंगीकडचे ऊसतोड कामगार हंगामात कोपीपुढे तीन दगड मांडून मटण शिजवतात, तेव्हा त्यांना जमैकाचे नावही ठाऊक नसते. पण युक्ती तीच.

आता घरच्या स्वयंपाकाकडे येऊ. चौघांच्या घरासाठी अर्धा किलो मटण घ्यावे. खाटकाला खांद्याचे किंवा पायाच्या वरच्या भागाचे मांस मागावे, आणि वृद्धांसाठी चार-पाच तुकडे बिनहाडाचे, जरा मोठे वेगळे काढून द्यायला सांगावे. कुऱ्हाडीच्या घावाने हाडाचे बारीक कपचे उडतात आणि मांसात रुततात. धुताना प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपून पाहिला तर ते हाती लागतात. दात नसलेल्या, दृष्टी मंद झालेल्या माणसाच्या घशात असा कपचा गेला, तर काय प्रसंग ओढवतो, ते मी पाहिले आहे.

दोन चमचे तेलात दोन कांदे मऊ होईपर्यंत परतावेत. त्यावर आले-लसणाचे वाटण, हळद आणि मटण घालून मांसाचे पाणी सुटू द्यावे. ते आटत आले की गरम पाणी घालावे. वर ताट, ताटात पाणी. आच अगदी मंद. गॅस महाग आहे आणि दोन तास चुलीपाशी बसायला कोणाला सवड नाही, हे मी जाणतो. म्हणून कुकरला माझी हरकत नाही. आबांना ते पटले नाही, पण कुकरमध्ये उष्णता सुमारे १२० अंशांपर्यंत जाते आणि कोलॅजन लवकर विरघळते. शिट्ट्या मोजण्याच्या सवयीला मात्र माझी हरकत आहे. एक शिट्टी झाली की आच बारीक करावी, वीस-पंचवीस मिनिटे तशीच ठेवावी, वाफ आपोआप जिरू द्यावी आणि मग झाकण काढून आणखी पंधरा-वीस मिनिटे मंद आचेवर मुरू द्यावे. कच्च्या पपईचा वाटलेला लहानसा तुकडा आधी अर्धा तास मांसाला चोळून ठेवला, तरी चिवटपणा पुष्कळ कमी होतो.

यानंतरची पायरी महत्त्वाची आहे. मांस शिजले, पण तिखट आणि पूर्ण मीठ घातलेले नाही, अशा वेळी वृद्धांचा वाटा वेगळ्या पातेल्यात काढून घ्यावा. बाकीच्यांसाठी मग भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि खसखस यांचे वाटण, काळा मसाला आणि हवे तितके तिखट पडू द्या. वृद्धांच्या पातेल्यात थोडे वाटण, चिमूटभर काळा मसाला आणि दोन चमचे येसर गार पाण्यात कालवून घालावे. ज्यांच्या घरी येसर नाही, त्यांनी भाजलेल्या डाळीचे पीठ घ्यावे. धान्ये, डाळी आणि मसाले भाजून दळलेले हे येसर आमच्याकडे लग्नाच्या आमटीसाठी जपून ठेवलेले असते. रस्सा दाट करण्याचा त्याचा गुण गिळण्याचा त्रास असणाऱ्यांच्या फार उपयोगी पडतो. वरून लिंबू पिळले आणि कोथिंबीर घातली, की मीठ कमी असल्याचे जिभेला फारसे जाणवत नाही.

वाढताना मांस हाडावरून सोडवावे, बोटांनी धागे सुटे करावेत आणि दाट रश्श्यात कालवावे. त्यात ताजी ज्वारीची भाकरी कुस्करून दहा मिनिटे झाकून ठेवावी. भाकरीने रस्सा पुरता शोषून घेतला पाहिजे. याचे कारण सांगतो. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या रुग्णाला सर्वांत अवघड जाते ते पातळ पाणी आणि घट्ट तुकडा एकाच घासात आलेले अन्न. पाणी आधी घशाकडे धावते, तुकडा मागे राहतो, आणि गिळण्याची क्रिया सुरू होण्याआधीच पाणी श्वासनलिकेत उतरते. आपला नेहमीचा मटण-रस्सा हा नेमका तसाच घास आहे. जेवताना वारंवार खोकला येणे, जेवणानंतर आवाज घोगरा किंवा ओलसर होणे, वरचेवर छातीत कफ भरून ताप येणे, ही लक्षणे दिसली तर घरगुती प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

जेवण दुपारचे असावे. पाठ सरळ टेकवून बसवावे, घास लहान असावा, आधीचा गिळल्यावरच पुढचा द्यावा, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे होऊ देऊ नये. बाजेवर उशीला टेकवून, टीव्ही लावून भरवणे धोक्याचे आहे. घास अडकलाच आणि माणसाला बोलता किंवा खोकता येईनासे झाले, तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरकस थापा द्याव्यात. तेवढ्याने न सुटल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वर असा दाब द्यावा. हे आलटून पालटून करत राहावे आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर फोन लावावा. तोंडात आंधळेपणाने बोटे घालू नयेत, पाणी पाजू नये.

किती द्यावे? हाडे काढून शिजलेले साठ ग्रॅम मांस, म्हणजे जेमतेम लहानशी मूठभर. त्यातून पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिने मिळतात. आठवड्यातून एक-दोनदा एवढे पुरेसे आहे. लाल मांस रोज खाण्याचा आग्रह मी कोणालाही धरणार नाही. इतर दिवशी अंडे, दूध, दही, डाळी आहेतच. मटणातले लोह शरीरात सहज शोषले जाते आणि त्यात बी-१२ जीवनसत्त्व असते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी पँटोप्रॅझोलसारखी गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्या वृद्धांत या जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळते. हातापायांना मुंग्या येणे आणि चालताना तोल जाणे हा केवळ वयाचा दोष मानू नये.

काही रुग्णांनी मात्र हा लेख वाचून लगेच बाजाराची पिशवी उचलू नये. मूत्रपिंडाचा दीर्घ आजार असेल आणि डायलिसिस सुरू नसेल, तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे असते, आणि रश्श्यातले पोटॅशियम त्यांना घातक ठरू शकते. संधिवाताचा ‘गाऊट’ हा प्रकार असलेल्यांनी काळीज आणि रस्सा दोन्ही टाळावे. प्युरीन पाण्यात उतरत असल्याने पाणी काढून टाकलेला तुकडा त्यांना तुलनेने सोसतो. हृदय अशक्त होऊन पाय सुजणाऱ्यांना मीठ आणि पातळ पदार्थ यांचे बंधन असते. हृदयविकाराच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या रुग्णासाठी त्यांचा वाटा शिजवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी वर पांढरी चरबी गोठलेली दिसते, ती चमच्याने उचलून टाकावी. ते पाहिल्यावर तर्रीचा मोह बराच कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

जाता जाता पायाच्या सुपाविषयी. खुब्याचे हाड मोडले, की दुसऱ्या दिवशी घरात पाया शिजू लागतो. हाडाने हाड सांधते ही त्यामागची भावना. प्रत्यक्षात हाड कितीही तास उकळले तरी पाण्यात कॅल्शियम फारच थोडे उतरते. एक पेला दूध किंवा नाचणीची भाकरी त्याहून कितीतरी अधिक कॅल्शियम देते. सूप आवडत असेल तर जरूर प्यावे, पण दुधाच्या जागी नको.

मोठ्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जुलाबाचे रुग्ण का येतात, याचेही उत्तर त्या भांड्यातच असते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूची बीजे उकळत्या पाण्यातही तग धरतात. भांडे चुलीवरून उतरवले आणि झाकून तसेच ठेवले, की मोठ्या भांड्याचा मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो. त्या उबेत ही बीजे रुजतात आणि झपाट्याने वाढतात. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तासांत पोटात कळा येतात, जुलाब लागतात. तरुण माणूस एका दिवसात बरा होतो. वृद्धाच्या शरीरातले पाणी मात्र लवकर ओसरते. त्यात रक्तदाबाची किंवा लघवीची गोळी चालू असेल, तर मूत्रपिंडांवर संकट येते. उरलेले मटण दोन तासांच्या आत, आमच्या उन्हाळ्यात तर एका तासात, पसरट भांड्यात काढून, ते भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवून निववावे आणि फ्रिजमध्ये टाकावे. काढल्यावर एकदाच, खळखळून उकळी येईपर्यंत गरम करावे. रात्री वीज गेली असेल आणि किती वेळ गेली ते ठाऊक नसेल, तर वृद्धांना ते देऊ नये. शिळे मटण अधिक मुरते, चवीला लागते, हे खरे. मीही मराठवाड्यातलाच आहे. पण मुरायचे ते फ्रिजमध्ये मुरावे.

आबांसोबत त्या दिवशी आजीही आल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ. पैठण आमच्यापासून लांब नाही, गावोगावी माळकरी आहेत, आणि एकाच घरात एक माळकरी नि दुसरा मटण खाणारा हे नित्याचे चित्र. मटणाची भांडी वेगळी आणि चूलही अंगणात वेगळी. आजींनी आयुष्यभर त्या भांड्यांना हात लावला नव्हता, पण सांजसकाळ घरातल्या चुलीपुढे बसून धूर मात्र भरपूर गिळला होता. तपासताना त्यांच्या छातीत घरघर ऐकू आली. विडी-सिगारेट न ओढलेल्या बाईला ‘तुमची फुप्फुसे धुराने खराब झाली आहेत’ असे सांगितले, की त्या माझ्याकडे अविश्वासाने पाहतात. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेचे सिलिंडर पुष्कळ घरांत आले, तरी मंद आचेचा स्वयंपाक आणि अंघोळीचे पाणी अजून पऱ्हाट्यांवरच होते. चुलीवर मटण करायचेच असेल तर ते उघड्या अंगणात करावे, आणि दम्याच्या रुग्णाला वाऱ्याच्या दिशेला बसवू नये. आजींसाठी मटणाचा विषयच नव्हता. त्यांना हुलग्याचे माडगे, सालीच्या मुगाची आमटी, घट्ट दही आणि झोपण्यापूर्वी पेलाभर दूध सांगितले. त्यांच्या रक्तातले बी-१२ तपासले. ते कमी निघाले आणि इंजेक्शने सुरू केली. माळ काढायला मी कोणालाही सांगत नाही. त्याची गरजही नसते.

आमच्या अंतरवाली सराटीचे नाव २०२३ पासून साऱ्या महाराष्ट्राने ऐकले ते उपोषणामुळे. तिथल्याच एका घरातल्या जेवणावर मी इतके लिहावे, याची थोडी गंमत वाटते.

तीन महिन्यांनी आबा पुन्हा आले. कवळी नवी घडवून घेतली होती. आधीची सैल झाली होती आणि घरच्यांनी ती डब्यात ठेवून दिली होती. वजन ५४ किलो भरले. खुर्चीतून उठायला सांगितले, तर हाताचा टेकू न घेता उठले, जरा वेळ लागला इतकेच. घोटे सुकले होते. पथ्याविषयी विचारले, तेव्हा सूनबाईने तक्रारच केली.

“रविवारी पहाटेपासून मागं लागतात, साहेब. पाणी गरमच घाल, आच मोड, झाकण उघडू नको. मला म्हणतात, तुला मटण येत नाही.”

“येत नाहीच,” आबा म्हणाले. “पण शिकायली.”

मनगट तपासले. सूज नव्हती. पाऊस उघडल्यावर मोतीबिंदू दाखवून घ्या, असे मी चिठ्ठीवर लिहून दिले.